शब्द तुटतो तिथे

मंत्र्यांच्या दौऱ्याचा छापील कार्यक्रम एका ठरलेल्या मराठीत लिहिलेला असतो. अमुक वाजता हेलिपॅड येथे आगमन, पाच मिनिटांनी मोटारीने सभास्थानाकडे प्रयाण, सभा आटोपल्यावर पुन्हा हेलिपॅडकडे प्रयाण. 'आगमन' आणि 'प्रयाण' या दोन भारदस्त संस्कृत शब्दांच्या शेजारी हा तिसरा शब्द इतका सहज बसलेला असतो की तो परका वाटत नाही. गावात तर तो कागदाच्या आधी मातीत उमटतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची माणसं शाळेचं मैदान किंवा पीक निघालेलं रान पाहून जातात. विजेच्या तारा किती लांब आहेत, झाडं किती उंच आहेत, ते बघतात. मग रोलर फिरतो, धुरळा उडू नये म्हणून टँकरने पाणी मारलं जातं, चुन्याच्या फक्कीने मोठं वर्तुळ आखलं जातं आणि मधोमध इंग्रजी एच काढला जातो. तलाठी, पोलीसपाटील, टँकरचा ड्रायव्हर, कडेला चहाची गाडी लावणारा, सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द असतो: हेलिपॅड.

या शब्दाकडे मी अनेक वर्षं प्रेमाने बघत आलो आहे. तो आणि त्याचा थोरला भाऊ हेलिपोर्ट हे दोघंही इंग्रजीत जन्मले. हेलिकॉप्टरमधला 'हेलि' आणि एअरपोर्टमधला 'पोर्ट' एकत्र आले आणि हेलिपोर्ट झाला. त्याच 'हेलि'पुढे पॅड लागून हेलिपॅड झाला. दोन शब्दांचे तुकडे घेऊन तिसरा शब्द बांधायची इंग्रजीला जुनी सवय आहे, त्यात नवल नाही. नवल आहे ते तुकडा पाडण्याच्या जागेचं. हेलिकॉप्टर हा शब्द ज्या ठिकाणी तोडला गेला, त्या ठिकाणी मुळात सांधा नव्हता. घडवणाऱ्याने जोड दिला होता दुसरीकडे.

घडवणारा पॅरिसचा. गुस्ताव द पाँतों द'आमेकूर हे त्याचं नाव. उमराव घराण्यातला हा माणूस जुन्या नाण्यांचा गाढा अभ्यासक होता. फ्रान्समधल्या मेरोव्हिंजियन राजवटीची नाणी जमवणं, वाचणं, त्यांच्यावर लिहिणं हा त्याचा व्यासंग. पण त्याचं दुसरं वेड आकाशाचं होतं. हवेपेक्षा जड असलेलं यंत्र, फिरणाऱ्या मळसूत्राच्या जोरावर सरळ वर चढवता येईल, असं त्याला वाटत होतं. १८६१ साली त्याने या कल्पनेला नाव दिलं. ग्रीक भाषेत 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र, नागमोडी वळसा. समासात त्याचं रूप 'हेलिको' होतं. 'प्तेरॉन' म्हणजे पंख. हेलिको आणि प्तेरॉन मिळून फ्रेंचमध्ये झालं 'एलिकॉप्तेर'. वळसे घेणारा पंख.

दोन वर्षांनी, १८६३ मध्ये, तीन मित्र पॅरिसमध्ये एकत्र आले. एक हा नाण्यांचा अभ्यासक. दुसरा गाब्रिएल द ला लांदेल, पूर्वी नौदलात असलेला लेखक. त्याने लॅटिनमधल्या 'पक्षी' या अर्थाच्या 'एव्हिस'वरून 'एव्हिएशन' हा शब्द रूढ केला. तिसरा नादार, त्या काळचा प्रसिद्ध छायाचित्रकार आणि फुग्यातून उडणारा. फुग्यांचे दिवस संपतील, हवेपेक्षा जड यंत्रंच उडतील, असं जाहीर करून त्यांनी एक संस्था काढली. ज्यूल व्हर्नही त्यात होता. आज आपण विमानाच्या जगाबद्दल बोलतो तेव्हा त्यातले दोन पायाभूत शब्द या मूठभर माणसांनी आपल्याला दिले आहेत, आणि तेही राइट बंधूंचं विमान उडण्याच्या चाळीस वर्षं आधी. द'आमेकूरने वाफेवर चालणारं एक छोटं यंत्रही करवून घेतलं. वजन कमी राहावं म्हणून त्यात त्या काळी नवलाईचा असलेला ॲल्युमिनियम वापरला. दोन मळसूत्रं एकावर एक, उलटसुलट दिशांनी फिरणारी. ते उडालं नाही. वाफेच्या इंजिनात वजनाच्या मानाने तेवढी ताकद नव्हती. यंत्र जमिनीवर राहिलं आणि शब्द हवेत गेला.

त्या शब्दातले दोन्ही भाग आपल्याला दिसतात तितके परके नाहीत. 'हेलिक्स'च्या मुळाशी वळण्याचा, गुंडाळण्याचा अर्थ असलेला जो प्राचीन धातू आहे, तोच संस्कृतात 'वल्' होऊन आला. वलय त्याचंच, आपलं वळण त्याचंच. 'प्तेरॉन'च्या मुळाशी आहे उडणं. संस्कृतातला 'पत्' हा धातू त्याचा सख्खा. त्याचा अर्थ पडणं जसा आहे तसा उडणंही आहे. 'पत्र' म्हणजे आधी पंख, पीस. मग झाडाचं पान. मग ज्यावर लिहितात ते. संक्रांतीला आपण जो उडवतो तो पतंगही याच कुळातला. म्हणजे हेलिकॉप्टरच्या पोटात एक वळण आहे आणि एक पत्र आहे. हे कळल्यापासून डोक्यावरून ते घरघरत गेलं की मला ओळखीचं कुणी गेल्यासारखं वाटतं.

शाळेत जीवशास्त्र शिकलेल्यांना हा पंख आणखी एका ठिकाणी भेटलेला असतो. सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यातला दुवा म्हणून पाठ्यपुस्तकात येणारा आर्किऑप्टेरिक्स, फुलपाखरांचा गण लेपिडॉप्टेरा, वटवाघळांचा गण कायरॉप्टेरा. प्रत्येकात तो 'प्टेर' आहे. प्राचीन पंख, खवल्यांचा पंख, हाताचा पंख. हेलिकॉप्टर याच रांगेतला: वळशाचा पंख. मग या रांगेतून त्याला बाजूला काढून मधेच कुणी तोडलं?

तोडलं जिभेने. ग्रीक भाषेला शब्दाची सुरुवात 'प्त'ने करण्यात काही अडचण नव्हती. इंग्रजीला आहे. इंग्रजीत हाच 'प्त' 'प्ट' झाला आणि शब्दाच्या सुरुवातीला आला की जीभ त्यातला 'प' गिळून टाकते. उडणाऱ्या प्राचीन सरड्याचं नाव लिहितात पी लावून, म्हणतात टेरोडॅक्टिल. आपलीही तीच गत. सुप्त, गुप्त, तृप्त, सप्ताह असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत, पण 'प्त'ने सुरू होणारा एकही सापडायचा नाही. सप्ताह म्हणताना आपण 'सप्'वर टेकतो आणि 'ताह' पुढे नेतो. छंदशास्त्राने हे फार पूर्वी हेरलं होतं. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू धरायचं, असा नियम आहे, कारण जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागच्या अक्षरावर भार टाकतं. तसंच इंग्रजी तोंडात झालं. हे, लि, कॉप्, टर. 'हेलिको' या पहिल्या पदातला 'को' आणि 'प्टर' या दुसऱ्या पदातला 'प' एकमेकांना बिलगले आणि एक नवा अवयव तयार झाला: कॉप्टर. मागे उरला हेलि.

इथे मला देवनागरीचं फार कौतुक वाटतं. आपण 'हेलिकॉप्टर' लिहितो तेव्हा हे, लि, कॉ, प्ट, र अशी अक्षरं पडतात. 'प' आणि 'ट' एकाच जोडाक्षरात राहतात. म्हणजे तोंड जे तोडतं ते लिपी जोडून ठेवते, आणि 'कॉ' व 'प्ट' यांच्यामधली रेघ नेमकी तिथेच पडते जिथे द'आमेकूरने समास जुळवला होता. ग्रीकशी काहीही संबंध नसताना आपल्या लिपीने त्याचा मूळ सांधा जपला आहे. सभेच्या फलकावर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, मुलांच्या निबंधात तो पंख अजून शाबूत आहे.

फ्रेंच माणूस शब्दारंभीचा एच उच्चारत नाही. ग्रीकच्या पुढे रूढ झालेल्या लिपीतही त्यासाठी स्वतंत्र अक्षर नव्हतं. स्वराच्या डोक्यावर एक बारीक खूण असे, बस. म्हणून शब्दाच्या जन्मगावी तो 'एलिकॉप्तेर' असाच म्हटला गेला. आपल्या खेड्यांतली म्हातारी माणसं 'येलिकाप्टर' म्हणतात, तेव्हा ती पॅरिसच्या उच्चाराच्या बरीच जवळ असतात. आणि जे अक्षर तिथे ऐकूही येत नाही, तेच आज जगभरच्या हेलिपॅडवर सगळ्यात मोठं रंगवतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे तो एच पांढरा असतो. रुग्णालयाच्या हेलिपॅडवर मात्र पांढऱ्या क्रॉसवर लाल एच. वरून खाली बघणाऱ्या वैमानिकाला त्या एका रंगावरून कळतं की खाली कुणीतरी स्ट्रेचर घेऊन उभं आहे.

शब्द तयार असला तरी यंत्राला वेळ लागला. युरोपात अनेकांनी प्रयत्न केले, अनेक यंत्रं जेमतेम जमीन सोडून परत आदळली. १९३६ साली जर्मनीत फोक-वुल्फ कंपनीचं यंत्र नीट उडालं. अमेरिकेत इगोर सिकॉर्स्कीचं व्हीएस-३०० सप्टेंबर १९३९ मध्ये दोरखंडांनी बांधलेल्या अवस्थेत उचललं गेलं आणि मे १९४० मध्ये मोकळं उडालं. वर एक मोठा पंखा, शेपटीला एक छोटा, ही आज आपल्याला माहीत असलेली आकृती त्याचीच. मोठा पंखा एका बाजूला फिरतो म्हणून यंत्राचं धड उलट्या बाजूला फिरू पाहतं. शेपटीचा छोटा पंखा त्याला आवरून धरतो.

या यंत्राने माणसाचा जीव वाचवण्याचं काम युद्धात पहिल्यांदा केलं, त्यात आपल्या भूमीचा वाटा आहे. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या पिछाडीला एक छोटं विमान पडलं होतं. अमेरिकन वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक जंगलात अडकले होते. आसामातल्या लालाघाटच्या तळावरून कार्टर हार्मन नावाचा तरुण लेफ्टनंट सिकॉर्स्कीचं हेलिकॉप्टर घेऊन निघाला. त्या यंत्रात त्याच्याखेरीज एकच माणूस मावत होता. उष्ण, विरळ हवेत इंजिन तापत होतं. तरीही त्याने एकेकाला उचलून जवळच्या वाळूच्या पट्ट्यावर आणलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चौघांनाही बाहेर काढलं. हाच हार्मन पुढे संगीत समीक्षक झाला. त्या जंगलात ना वर्तुळ होतं ना एच. हेलिपॅड या शब्दाची गरज किती खरी होती, ते त्या मोकळ्या जागेने दाखवून दिलं.

युद्ध संपता संपता ही गरज शहरांना जाणवू लागली. हेलिकॉप्टरला धावपट्टी नको, पण उतरायला जागा तर हवी. त्या जागेला एअरपोर्ट म्हणावं तर तो शब्द फार मोठा. म्हणून 'हेलि' आणि 'पोर्ट'. १९५० साली ब्रिटनमध्ये लिव्हरपूल ते कार्डिफ अशी हेलिकॉप्टरची नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. १९५३ मध्ये ब्रसेल्सच्या मध्यवस्तीतल्या हेलिपोर्टवरून बेल्जियमच्या सबेना कंपनीने शेजारच्या देशांत उड्डाणं चालू केली. १९५९ साली लंडनला थेम्सच्या काठी बॅटरसी हेलिपोर्ट उघडलं. ते आजही चालू आहे. त्या पिढीचा ठाम विश्वास होता की मोटारीचा स्टँड असतो तसा प्रत्येक शहरात हेलिपोर्ट असेल आणि माणसं गच्चीवरून कामाला जातील. न्यूयॉर्कच्या पॅन ॲम इमारतीच्या माथ्यावर ते स्वप्न प्रत्यक्षात आलंही. १६ मे १९७७ रोजी तिथे उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचा पाय मोडला, ते कलंडलं, फिरती पाती सुटली आणि पाच माणसं गेली. त्यातलं एक तर खाली रस्त्याने चाललं होतं. ते हेलिपोर्ट बंद झालं. स्वप्न आखडलं, पण शब्द राहिला, कारण तोवर तो तेलविहिरींच्या फलाटांवर, डोंगरांत, रुग्णालयांच्या छपरांवर पोचला होता.

मुंबईला तो समुद्राच्या बाजूने आला. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने खोदताना मुंबई हायला तेल लागलं. भर समुद्रात उभ्या असलेल्या लोखंडी फलाटांवर माणसं न्यायची, तिथून आणायची, तर हेलिकॉप्टरवाचून सोय नव्हती. १९२८ साली सुरू झालेला जुहूचा विमानतळ मोठ्या विमानांना अपुरा पडून मागे राहिला होता. त्याला हेलिकॉप्टरांनी नवं आयुष्य दिलं. १९८५ मध्ये सरकारने या कामासाठी जी कंपनी उभी केली, ती पुढे पवन हंस या नावाने ओळखली गेली. फलाटावरच्या उतरण्याच्या जागेला तिथली माणसं हेलिडेक म्हणतात. आठवडेच्या आठवडे खाऱ्या वाऱ्यात काम करून घरी निघालेल्या तंत्रज्ञाला हेलिडेक या शब्दात काय ऐकू येत असेल, ते बाहेरच्या माणसाला पुरतं कळणार नाही. त्याच्या लेखी त्या शब्दाची व्युत्पत्ती एकच: इथून घर.

'हेलि' तुटून निघाला तेव्हा त्याची गाठ आणखी एका 'हेलि'शी पडली. ग्रीकमध्ये सूर्याला 'हेलिओस' म्हणतात. आरशावर ऊन घेऊन संदेश पाठवण्याचं हेलिओग्राफ हे यंत्र त्यावरून, हेलियम वायूही त्यावरूनच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन सूर्याच्या प्रकाशाचं विश्लेषण करत होता. त्याच वर्षी इंग्लंडमधून लॉकियरने सूर्याचा प्रकाश तपासला, आणि त्यात दिसलेल्या अनोळखी पिवळ्या रेषेतून हेलियमचा शोध पुढे आला. लॉकियर १८९८ च्या ग्रहणासाठी विजयदुर्गला आला होता. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे आजही दाखवतात. विजयदुर्गचा 'हेलि' सूर्याचा आणि जुहूचा 'हेलि' वळशाचा. दोन्ही एकाच रूपात जगतात आणि कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण माणसं शब्दाला एकटं कधी भेटत नाहीत. त्यांना तो कामाच्या जागी भेटतो.

असं चुकीच्या जागी तुटणं हा इंग्रजीचाच दोष आहे, असं मला कधी वाटलं नाही. आपल्या घरातच त्याची थोर उदाहरणं आहेत. ऋग्वेदात 'असुर' हा मोठ्या सन्मानाचा शब्द आहे. वरुणालाही तो लावलेला आहे. 'असु' म्हणजे प्राण, त्यावरून असुर. पुढे त्याचा अर्थ फिरला, आणि मग कुणाला तरी त्यातला पहिला 'अ' नकाराचा वाटला. अ-सुर. जे सुर नाहीत ते. मग सुर कोण? अर्थात देव. जो शब्द नव्हता, तो एका चुकीच्या पदच्छेदातून जन्मला आणि देवांचं नाव झाला. त्याच्यासाठी कथाही आली: समुद्रमंथनातून निघालेल्या वारुणी सुरेचा स्वीकार केला ते सुर, असं रामायणाच्या बालकांडात आहे. 'विधवा' हा शब्दही असाच. लॅटिनमधला 'विडुआ', इंग्रजीतला 'विडो' हे त्याचे सगोत्र. मुळात वियोगाचा, रितेपणाचा अर्थ. पण त्यातला 'वि' उपसर्ग वाटला आणि उरलेला 'धव' पती ठरला. यास्काच्या निरुक्तातही हा धव भेटतो. मग सधवा आली. मंगळागौरीच्या पूजेला बसलेल्या कुठल्या सुवासिनीला सांगावं की तुझ्या शब्दातला नवरा एका चुकलेल्या सांध्यातून आला आहे? सांगायची गरजही नाही. तो शब्द तिने वापरून खरा केला आहे.

इंग्रजीत याला सीमा नाही. हॅम्बुर्ग शहरावरून हॅम्बर्गर आला; त्यातला 'बर्गर' सुटा पडून आज आपल्या तालुक्याच्या गावीही हातगाडीवर मिळतो. क्रिकेटचा अंपायर मुळात 'नंपायर'च्या जवळपासचा होता. आधीच्या 'अ' या उपपदाने त्याचा 'न' ओढून घेतला आणि 'अन अंपायर' झाला. एप्रनचंही तसंच, तो 'नॅप्रन' होता. आणि विमानतळावर विमानं उभी राहतात त्या फरसबंद पटांगणाला एप्रनच म्हणतात. म्हणजे हेलिपोर्टच्या शेजारीच, त्याच अंगणात, चुकीच्या जागी तुटलेला आणखी एक शब्द पसरलेला आहे.

आमच्या भागात उसाची लागण करताना अख्खा ऊस पुरत नाहीत. एक किंवा दोन डोळ्यांच्या टिपऱ्या पाडतात. कोयता कुठे पडला याला फार महत्त्व नसतं, टिपरीवर डोळा शाबूत राहिला पाहिजे. डोळा असेल तर ती रुजते, फुटवे धरते. 'हेलि' ही डोळा असलेली टिपरी निघाली. हेलिपोर्ट, हेलिपॅड, हेलिडेक असे तिला फुटवे आले. 'कॉप्टर'लाही डोळा होता. चार पंख्यांचं छोटं यंत्र आलं तेव्हा त्याला क्वाडकॉप्टर म्हटलं गेलं. आज ऊस आणि द्राक्षांवर फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या पत्रकात तोच तुकडा छापलेला असतो. एका मोडक्या जागेतून दोन बाजूंनी अंकुर निघाले.

माझी आजी लिहायला-वाचायला शिकली नव्हती. विमानाला ती 'इमान' म्हणायची. एका निवडणुकीत गावाजवळच्या माळावर हेलिकॉप्टर उतरलं, तेव्हा माणसांच्या गर्दीतून तीही बघून आली. रात्री शेजारणीला सांगताना ती त्याला 'पंख्याचं इमान' म्हणाली. नंतर ती कायम तोच शब्द वापरत राहिली. तिच्या त्या नावाचा मोठेपणा मला फार उशिरा, द'आमेकूरबद्दल वाचताना, लक्षात आला. पंखा हा शब्द पंखातूनच आला आहे, आणि पंखा म्हणजे फिरणारा. पंखही आला, फिरणंही आलं. नाण्यांच्या त्या विद्वानाने ग्रीक शब्दकोश उघडून ज्या दोन गोष्टी निवडल्या होत्या, नेमक्या त्याच दोन गोष्टी तिने माळावर उभं राहून, डोळ्यांत धूळ जात असताना निवडल्या. यंत्राने स्वतःच आपलं नाव सांगितलं, आणि दोघांनी ते नीट ऐकलं.

तेव्हापासून शब्द घडवणारा आणि शब्द तोडणारा यांच्यात मी डावंउजवं करत नाही. घडवणारा वस्तूकडे बघतो. तोडणाऱ्याचं लक्ष कामाकडे असतं, आणि काम करणाऱ्याला शब्द आखूड लागतो. रात्री महामार्गावर अपघात झाला, जखमीला मोठ्या रुग्णालयात हलवायचं आहे, रेडिओवर जागा सांगायची आहे, अशा वेळी 'हेलिको' आणि 'प्टर' यांचा समासविग्रह कोण करत बसणार? पुरात, भूकंपात, डोंगरात, समुद्रात ज्यांनी हा शब्द घाईने उच्चारला, त्यांनी त्याचा सांधा ठरवला. तो त्यांचा हक्क होता. ज्याच्यावर माणसांचा भार पडतो, त्या शब्दाचं खरं व्याकरण भार पेलताना ठरतं.

तरीही मूळ सांधा माहीत असावा, असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्याला सुधारण्यासाठी ते नको. हेलिपॅड चूक आहे, असं म्हणणाऱ्याने सुरांनाही स्वर्गातून खाली उतरवायला हवं. मूळ माहीत असावं ते ऋण म्हणून. नाणी पारखणाऱ्या एका माणसाने न उडालेल्या यंत्रासाठी एक शब्द बांधला आणि त्यात पंख ठेवला. हेलिपोर्टमध्ये तो पंख उरला नाही, पण त्याच्याशिवाय हेलिपोर्ट झालंच नसतं. आता सरळ वर चढणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या हवाई टॅक्स्या येऊ घातल्या आहेत आणि त्यांच्या तळांना व्हर्टिपोर्ट म्हणतात. इथे तर हेलिही गेला. 'व्हर्टिकल'चा तुकडा आला आणि 'पोर्ट' तेवढा जुना राहिला, जो मुळात जहाजांचा होता, मग विमानांचा झाला, मग हेलिकॉप्टरचा. पुढची माणसं हा शब्दही आपल्या सोयीने तोडतील. तोडू देत. त्यांच्या हातात डोळा असलेला तुकडा जावा, एवढी काळजी घडवणाऱ्यांनी घ्यायची, आणि तो कुठून आला याची आठवण आपल्यासारख्यांनी ठेवायची. भाषेची ही दोन्ही कामं मला सारखीच मोलाची वाटतात.